मित्र तारा

मित्र हा नरतुरंग तारकासमूहातील सर्वात तेजस्वी तारा. आंतरराष्ट्रीय नाव अल्फा सेंटॉरी. व्याध आणि अगस्त्य यांच्यानंतर रात्रीच्या आकाशात तेजाने याचाच क्रमांक लागतो (दृश्य प्रत उणे ०.२७; प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका लहान तितका तारा उजळ). मात्र हे तेज एका ताऱ्याचे नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणारा ठिपका दोन ताऱ्यांचा मिळून झालेला आहे. तिसरा सोबती त्यांच्यापासून आकाशात सव्वादोन अंश दूर असून तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही. ‘सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा मित्र’ असे सर्रास म्हटले जाते ते ढोबळमानाने बरोबर आहे; पण काटेकोरपणे तो मान या न दिसणाऱ्या तिसऱ्याचा, प्रॉक्सिमा सेंटॉरीचा आहे. दिसणारी जोडी ४.३ प्रकाशवर्षांहून थोडी दूर, तर प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे. सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने जाणारे व्हॉयेजर-१ यान त्या दिशेने निघाले असते तर त्याला ७५ हजार वर्षे लागली असती.

घटक तारे

जोडीतला मोठा तो मित्र-अ. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१६ मध्ये त्याचे रिजिल केंटॉरस हे नाव मान्य केले. तो सूर्यासारखाच पिवळा तारा आहे: वस्तुमान सूर्याच्या १.०८ पट, त्रिज्या १.२२ पट, तेज दीडपट. धाकटा मित्र-ब, नाव टोलिमन (२०१८ मध्ये मान्य). त्याचे वस्तुमान सूर्याच्या ०.९१ पट आणि तेज निम्मे. पृष्ठभागाचे तापमान अ-पेक्षा पाचेकशे अंशांनी कमी असल्याने त्याचा रंग नारिंगीकडे झुकतो. अ ची प्रत ०.०, ब ची १.३, म्हणजे अ साडेतीन पटींच्या आसपास अधिक उजळ दिसतो. या दोघांचे वय सूर्यापेक्षा थोडे जास्त, सुमारे ५ अब्ज वर्षे मानले जाते.

प्रॉक्सिमाची जातच वेगळी. तो लाल बटुतारा आहे: वस्तुमान सूर्याच्या सुमारे १२ टक्के, व्यास गुरूच्या दीडपट, तापमान ३,००० केल्विनच्या आसपास. त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्त असल्याने दृश्य प्रकाशात तो सूर्याच्या वीस हजारावा भागही भरत नाही; प्रत ११.१. एरवी मंद असलेला हा तारा मधूनच भडकतो. मार्च २०१६ मध्ये त्याचे दृश्य तेज काही मिनिटांपुरते जवळजवळ ७० पट वाढल्याची नोंद आहे. एवढ्या छोट्या ताऱ्याच्या आतले द्रव्य सतत ढवळले जात असते, त्यातून जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्याच्या रेषा तुटून पुन्हा जुळताना हे भडके उडतात.

कक्षा

अ आणि ब सामायिक गुरुत्वमध्याभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी मारतात. कक्षा चांगलीच लंबगोल आहे. दोघांतले अंतर कमीत कमी ११ खगोलीय एकके (सूर्य-पृथ्वी अंतर म्हणजे १ एकक) आणि जास्तीत जास्त ३६ एकके होते. १९५५ मध्ये ते सर्वात जवळ होते. यापुढे २०३५ मध्ये येतील.

दुर्बिणीतून पाहणाऱ्याची इथेच फसगत होते. कक्षेचे प्रतल आपल्या नजरेच्या रेषेत जवळजवळ उभ्या कडेने येते (कल ७९ अंश), त्यामुळे आकाशात दिसणारे अंतर आणि खरे अंतर यांचा मेळ बसत नाही. २०१६ मध्ये तारे अवघ्या ४ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) दिसत होते, तेव्हा प्रत्यक्षात त्यांच्यात सुमारे २८ एककांचे अंतर होते. २०२९ च्या सुमारास ते १० विकलांवर दिसतील, पण तेव्हा खरे अंतर १६ एककांवर आलेले असेल. त्यानंतर जोडी झपाट्याने आवळत जाऊन २०३७-३८ मध्ये २ विकलांच्या आसपास येईल. लहान दुर्बीण असणाऱ्यांनी आत्ताची वर्षे वाया घालवू नयेत.

प्रॉक्सिमा या जोडीपासून तब्बल १३ हजार एककांवर आहे. तो खरोखर जोडीशी बांधलेला आहे की नुसता शेजारून चालला आहे, हा वाद शंभर वर्षे चालला. त्याचा आपल्या दिशेचा वेग नेमका मोजता आल्यावर २०१७ मध्ये तो मिटला. तो बांधलेलाच आहे. एका फेरीला साडेपाच लाख वर्षांच्या आसपास लागतात.

शोधाचा इतिहास

मित्र हा जोडतारा असल्याचे भारताच्या भूमीवरून कळले. फ्रेंच जेझुइट पाद्री जाँ रिशो पाँडिचेरीहून डिसेंबर १६८९ मध्ये धूमकेतू पाहत असताना त्यांच्या दुर्बिणीत हे दोन तारे सुटे दिसले. थॉमस हेंडरसन यांनी १८३२-३३ मध्ये केप ऑफ गुड होपहून ताऱ्याचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचे स्थान किती हलते, ते मोजले. पण आकडेमोडीची खात्री पटेपर्यंत ती १८३९ पर्यंत प्रसिद्ध केली नाही. तोवर जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर जाहीर करून पहिलेपणाचा मान घेतला होता. प्रॉक्सिमा १९१५ मध्ये रॉबर्ट इन्स यांनी जोहान्सबर्गच्या वेधशाळेत शोधला.

ग्रह

प्रॉक्सिमाभोवती पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाला. त्याचे वर्ष ११.२ दिवसांचे. ऊब पुरेशी मिळत असली तरी ताऱ्याच्या भडक्यांपुढे वातावरण टिकले असेल का, हा खरा प्रश्न आहे. ५.१ दिवसांत फिरणाऱ्या आणखी हलक्या ग्रहाची नोंद २०२२ मध्ये झाली. मित्र-ब भोवती २०१२ मध्ये गाजावाजा झालेला ग्रह मात्र निरीक्षणांच्या वेळापत्रकातून उपटलेला भास निघाला. मित्र-अ जवळ जेम्स वेब दुर्बिणीला ऑगस्ट २०२४ मध्ये शनीएवढ्या वायुग्रहाची खूण दिसली, पण पुढच्या निरीक्षणांत ती पुन्हा मिळाली नाही. त्याला आज उमेदवार म्हणावे, ग्रह नव्हे.

गोव्यातून निरीक्षण

मित्राची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे अंतर, दक्षिण ६०° ५०′ आहे. पणजीचे अक्षांश १५.५° धरले तर तारा दक्षिणेला जास्तीत जास्त साडेतेरा अंश वर येतो. काणकोणात सव्वाचौदा अंशांपर्यंत. पुण्यात हाच आकडा पावणेअकरा, मुंबईत दहाच्या आसपास. तीन अंशांचा हा फरक किरकोळ वाटतो, पण क्षितिजालगतच्या धुरकट थरात तो फार कामाला येतो. गोव्यात तारा दर फेरीत सुमारे आठ तास क्षितिजावर असतो. त्यातले दहा अंशांवरचे चारच तास उपयोगाचे.

सर्वोच्च येण्याची वेळ मार्चच्या मध्यास पहाटे पावणेचार, एप्रिलच्या मध्यास रात्री पावणेदोन, मेच्या मध्यास रात्री पावणेबारा, मेअखेरीस पावणेअकरा. घड्याळ नको असेल तर स्वातीकडे पाहावे. स्वाती डोक्यावरून गेली की साधारण २५ मिनिटांनी मित्र बरोबर दक्षिणेला येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की हंगाम संपला. सोयीच्या वेळेसाठी मे निवडला जातो; आकाशासाठी मार्चची पहाट बरी, कारण मेमध्ये समुद्राकडून येणारी दमट हवा क्षितिज पांढुरके करून टाकते.

जागा निवडताना पहिला शत्रू माड. १५ मीटर उंचीचा माड ६० मीटरच्या आत दक्षिणेला असेल तर सर्वोच्च जागी असलेला मित्रही झाकला जातो. दहा अंशांपर्यंत पाहायचे तर तो ८५ मीटरहून दूर हवा. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) किंवा वाड्यावरच्या अंगणात म्हणूनच काही जमत नाही. जांभ्याचा मोकळा सडा (खडकाळ पठार) उत्तम. काब द रामच्या कड्यावरून दक्षिणेला थेट समुद्र मिळतो. कोलवा-बाणावलीच्या किनाऱ्यावर दक्षिण दिशा जवळजवळ वाळूच्या रेषेतच येते, त्यामुळे शॅकचे दिवे नेमके डोळ्यांत जातात. खोल समुद्रातल्या ट्रॉलरचा दिवा तारा समजण्याची चूक नवख्यांकडून हटकून होते: दिवा क्षितिजाला चिकटून राहतो, मित्र रात्रभरात डावीकडून उजवीकडे कमान काढतो.

ओळखायला त्रिशंकू, म्हणजे चार ठळक ताऱ्यांचा क्रूस, कामी येतो. दक्षिणेकडे तोंड केले की उजवीकडे त्रिशंकू, त्याच्या डावीकडे साधारण मूठभर (हात लांब करून धरलेली मूठ, दहा अंश) अंतरावर मित्रक (बीटा सेंटॉरी) आणि त्याच्याही डावीकडे साडेचार अंशांवर मित्र. मित्रक हा नावापुरताच सोबती आहे. तो सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर आहे. नौकातल समूहाच्या बाजूचा मिथ्या त्रिशंकू आधी उगवतो आणि फसवतो. तो आकाराने मोठा, तेजाने फिका असतो आणि त्याच्या डावीकडे ही तेजस्वी जोडगोळी नसते.

साडेतेरा अंशांवर प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या चौपटीहून जाड थरातून येतो. त्यामुळे मित्र एका प्रतीने तरी मंद होतो आणि प्रतिमा उकळल्यासारखी हलते. शिवाय हवा स्वतःच प्रिझमचे काम करते: प्रत्येक ताऱ्याची उभी रंगीत पट्टी होते, वर निळी आणि खाली तांबडी, लांबी तीन-चार विकला. दुर्बीण प्रतिमा उलटी करत असेल तर रंगांचा क्रमही उलटा. ही पट्टी पाहून भिंग खराब आहे असे समजून लोक स्क्रू पिळत बसतात. हिरवा किंवा नारिंगी फिल्टर लावला की ती आवळते. अ आणि ब सुटे पाहायला ८० ते १०० मिलिमीटरची दुर्बीण आणि ८० ते १०० पट वर्धन पुरे. त्याहून वर्धन वाढवले तर फक्त हवेची चुळबुळ मोठी होते. विषुववृत्तीय बैठकीचा (ताऱ्यामागोमाग दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा) ध्रुवाकडे रोखलेला अक्ष गोव्यात १५ अंशांवरच ठेवावा लागतो. अनेक बैठका तितक्या खाली वळत नाहीत, वळल्या तर प्रतिभार तिपाईच्या पायाला आपटतो. डॉब्सनियन बैठकीला (नुसती आडवी-उभी फिरणारी साधी बैठक) ही अडचण नाही, पण नळी जवळजवळ आडवी होत असल्याने गच्चीचा कठडा आड येतो. किनाऱ्यावर भिंगावर जमलेले खारे दव फडक्याने पुसू नये, मीठ ओरखडे काढते. हवेशीर वाळू द्यावे आणि मग शुद्ध पाण्याने ओला केलेला कापूस अलगद फिरवावा.

प्रॉक्सिमा ही जिद्दीची गोष्ट आहे. तो मित्राच्या नैर्ऋत्येस असून पणजीत बारा अंशांच्याही वर येत नाही. तिथली हवा त्याची प्रत साडेबाराच्या घरात नेते. डोळ्याने पाहायचे तर २५० ते ३०० मिलिमीटरचा आरसा आणि काळोखी, कोरडी रात्र हवी. आकाशगंगेच्या दाटीत तो ओळखायला तपशीलवार नकाशा लागतोच, आणि इथे एक मेख आहे. प्रॉक्सिमा दर वर्षी ३.८६ विकला पश्चिमेकडे सरकतो, त्यामुळे इसवी सन २००० चे स्थान छापलेल्या नकाशात तो दीड कलेहून (एक कला म्हणजे ६० विकला) जास्त चुकलेला असतो आणि भलत्याच ताऱ्यावर खूण होते. फोटो घेणाऱ्यांना हेच सरकणे उपयोगी पडते: ५०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने आणि ३.८ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्याने दोन वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे एकमेकांवर ठेवली, तर बाकीचे तारे जुळतात आणि प्रॉक्सिमा सुमारे पाच पिक्सेल हललेला सापडतो.