संगणक सुरू न होणे आणि त्याची दुरुस्ती

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या वाटेत संगणक मध्येच अडकतो, तेव्हा तो 'सुरू होत नाही' असे म्हणतात. निरनिराळ्या चार-पाच बिघाडांना पडलेले हे एकच नाव आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गिऱ्हाईक 'सीपीयू चालू होईनासा झालाय बघा' एवढेच सांगते. इथे सीपीयू म्हणजे सगळा डबा, प्रोसेसर नव्हे.

एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून मदरबोर्डला (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीला) देतो. मग बायोस (मदरबोर्डवरची सुरुवातीची आज्ञावली; नव्या यंत्रांत यूईएफआय) रॅम (कामापुरती स्मृती), प्रोसेसर तपासते, डिस्कवरचा बूट लोडर (यंत्रणा सुरू करणारा छोटा प्रोग्राम) शोधते आणि पुढचा कारभार विंडोज किंवा लिनक्सवर सोपवते. गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली हे कळले की निम्मे काम झाले. पंखाच फिरत नसेल तर विजेकडे बघायचे. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर पहिला संशय रॅमवर. कंपनीचे चिन्ह येऊन पुढे काही सरकत नसेल तर डिस्क नाहीतर विंडोज. कधी मागे विसरलेला पेन ड्राइव्ह काढला तरी भागते.

एसएमपीएस तपासायला त्याचा २४ पिनांचा जोड मदरबोर्डवरून काढून हिरवी तार काळीला जोडतात. पंखा फिरला तर त्यात जीव आहे, पण व्होल्ट बरोबर आहेत की नाहीत हे मीटरच सांगतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

जूनपासून पश्चिम घाटाचा पाऊस लागला की घरातली काडेपेटी सादळते, तशा रॅमच्या सोनेरी पट्ट्याही मळतात. उपाय पाच रुपयांचा. प्लग काढायचा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, डब्याच्या पत्र्याला हात लावायचा आणि दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून रॅम उपसायची. पट्ट्यांवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, भुसा ब्रशने झटकायचा आणि खाच जुळवून रॅम 'टक्' वाजेपर्यंत बसवायची. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी, बिघडलेली कोणती ते लगेच कळते.

विंडोज अडत असेल तर फॉरमॅट मारणे (डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे) ही सगळ्यात घाईची दुरुस्ती. विंडोज १० लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता अडखळले की बहुधा स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथे स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड (मोजक्याच भागांनिशी विंडोज सुरू करणे) हे आधी करून पाहावे. त्याच्याही आधी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावावी आणि फायली उतरवून घ्याव्यात. मराठी-कन्नड लग्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याला हे नीट ठाऊक असते. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर नुसता अक्षरांचा खिचडा दिसतो, म्हणून फायलींबरोबर फॉन्टही उतरवावे लागतात. विंडोज एक्सपीची सुरक्षा-अद्यतने २०१४ साली थांबली तरी असली जुनी यंत्रे लोक जपून ठेवतात ती याचसाठी.

जुन्या यंत्रात मदरबोर्डवरचा बटणासारखा गोल सेल, सीआर२०३२, संपला की तारीख मागे जाते आणि बायोसची मांडणी मूळपदावर येते. त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेली तर धडधाकट विंडोजही निळा पडदा दाखवते. सेल बदलून बायोसमधली ती एक ओळ पूर्ववत केली की यंत्र सुरू होते.