पंपाविना चारशे वर्षं: बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा

रावेर ओलांडून बऱ्हाणपूरकडे गेलात, तर शहराबाहेरच्या माळावर एका ओळीत विहिरींची तोंडं दिसतात. त्यांना तिथे कुंडी म्हणतात. या शंभराच्या आसपास कुंड्या खालून एकाच बोगद्याने जोडलेल्या आहेत आणि त्या बोगद्यातून चारशे वर्षं पाणी वाहतं आहे. ना मोट, ना रहाट, ना मोटर.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं, तरी ती फारुकी सुलतानांची, म्हणजे जुन्या खानदेशाची राजधानी. 1601 मध्ये अकबराने बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतला, मुघल फौजांचा राबता वाढला आणि शहराला पाणी अपुरं पडू लागलं. मुघल सुभेदार अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी हेरलं.

त्याने काय हेरलं, हे केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. सातपुडा जिथे संपतो, तिथे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर साचलेला आहे. भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी या थरात मुरतं आणि जमिनीखालून तापीच्या दिशेने सरकत राहतं. म्हणजे भूजलाची पातळी डोंगराकडे उंच आणि नदीकडे खाली. या तिरक्या पातळीत जवळजवळ आडवा बोगदा घुसवला, की त्याचं वरचं टोक पाण्यात राहतं आणि खालचं टोक शहराजवळ उघडतं. पाणी झिरपतं, बोगद्यात उतरतं आणि आपल्या पायांनी चालत येतं.

अवघड असतो तो उतार. जास्त दिला तर धार भिंती पोखरते, कमी दिला तर गाळ बसतो. ही विद्या इराणची, तिथे या बोगद्यांना कनात म्हणतात. लांब कनातीत हजार मीटरला जेमतेम मीटरभर उतार ठेवतात. खणणारे मुखाकडून डोंगराकडे खणत जातात, म्हणजे लागलेलं पाणी मागच्या मागे निघून जातं. कुंड्यांतून माती वर येते आणि हवा खाली जाते. मागे टांगलेल्या दोन दिव्यांची रेघ धरून, अंधारात, दिशा सांभाळायची. गोनाबादची कनात अशी 33 किलोमीटर लांब आहे आणि तिची मूळ विहीर, म्हणजे डोंगराकडच्या टोकाची विहीर, 300 मीटरांहून खोल! युनेस्कोने 2016 मध्ये इराणच्या 11 कनाती जागतिक वारशात घेतल्या. फ्रान्समधल्या नीम शहरासाठी रोमनांनी बांधलेला कालवाही असाच नाजूक उताराचा: सुमारे 50 किलोमीटरच्या वाटेत एकूण उतार 20 मीटरही नाही.

पण मला कुंडी भंडाऱ्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्याची मर्यादा. बोगद्याच्या तळाखालचं पाणी तो घेऊच शकत नाही. पाऊस कमी झाला, पातळी उतरली, की धार आपोआप बारीक होते. उपसा किती करायचा, हे बांधणाऱ्याने दगडातच ठरवून ठेवलं. बोअरवेलला असा तळ नसतो. पाणी खाली गेलं की आपण पाइप वाढवतो. आणि बोअर त्याच बझाड्यातून ओढते, ज्यातून कुंडी भंडारा पितो.

धुळ्याकडच्या पांझरेवरची फड पद्धतही याच समजेतून उभी आहे. ठेंगणा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. एका फडात एकच पीक आणि पाणी थोडं असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांच्या संमतीने पडीक. बंधाऱ्यावरून सांडलेलं पाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्याला मिळतं.

पुराचं पाणी वळवून हा बझाडा भरायचा, अशी तापी मेगा रिचार्ज योजना आता आखली आहे. 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. माझी आग्रहाची सूचना अशी, की काम सुरू होण्याआधी कुंड्यांतला गाळ काढावा आणि त्यांतली पाण्याची पातळी दर महिन्याला नोंदवावी. थेट बझाड्यात उतरणाऱ्या इतक्या तयार निरीक्षण विहिरी दुसरीकडे मिळायच्या नाहीत.