दहा टक्क्यांचं कर्ज बारापेक्षा स्वस्तच?

‘दहा टक्क्यांचं कर्ज बारा टक्क्यांपेक्षा स्वस्तच’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. व्याज मोजायची पद्धत एकच असेल तर तो बरोबरही आहे, म्हणून तर चटकन पटतो.

सांगलीत आमच्या वहिनींनी गाडीच्या कर्जाचं हप्त्यांचं कार्ड पहिल्यांदाच जेवताना सगळ्यांसमोर ठेवलं. एक लाख, बारा महिने, दहा टक्के ‘फ्लॅट’, हप्ता ९,१६७. “विचारायची लाज वाटायची,” त्या म्हणाल्या. आकडे असे ताटाशेजारी यावेत, असं मला मनापासून वाटतं.

फ्लॅट म्हणजे शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज पूर्ण लाखावर. खरं तर मुद्दल दरमहा फिटत असतं; सहा महिन्यांनी ते साधारण निम्मं उरतं. तरी वर्षाचं व्याज १०,०००च. घटत्या शिलकीवर, म्हणजे दरमहा उरलेल्या मुद्दलावरच, बारा टक्के असते, तर हप्ता ८,८८५ आणि व्याज साधारण ६,६२० झालं असतं. त्याच पद्धतीने मोजलं तर वहिनींचा दर जवळपास अठरा टक्के पडतो.

तपासायचं असेल तर हप्त्याला महिन्यांनी गुणा आणि त्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम वजा करा; उरतो तो कर्जाचा खरा खर्च. प्रोसेसिंग फी आधीच कापली असेल तर तीही यात दिसते. दोन कर्जांची तुलना करताना रक्कम आणि मुदत सारखीच धरा. आणि सहीआधी विचारा, “घटत्या शिलकीवर वार्षिक दर किती? लिहून द्या.”