सूर्य पाठीशी हवाच का?

‘फोटो काढताना सूर्य नेहमी आपल्या पाठीशी हवा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो खोटा नव्हता, पण आता नियम म्हणून तो टिकत नाही.

१९३६ मध्ये स्थिरचित्रांसाठी आलेल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मची उजेडाला असलेली संवेदनशीलता आजच्या मापाने आयएसओ १० च्या आसपास होती. इतक्या मंद फिल्मला भरपूर, थेट उजेड लागायचा. शिवाय लेन्सवर परावर्तन रोखणारा थर नसे. समोरून ऊन आलं की चित्र फिकट, धुरकट व्हायचं. झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर १९३५ मध्ये शोधला, पण तो सर्रास वापरात यायला बराच काळ गेला.

आज ही अडचण उरलेली नाही. उलट आपल्या पाठीमागून येणारं ऊन कोरीव दगडाचं नुकसानच करतं: सावल्या मूर्तीच्या मागे लपतात आणि शिल्प सपाट दिसतं. सकाळचं किंवा उतरतं ऊन बाजूने भिंतीला घासून गेलं, की छिन्नीचा प्रत्येक घाव आणि झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. शिलालेखाचा फोटो घेणाऱ्याने तर याच उजेडाची वाट पाहावी, असं मी आग्रहाने सांगेन.

बागेत सूर्य पानाफुलांच्या मागे असू द्या. पाकळ्या आतून उजळतात. लेन्सवर थेट ऊन पडत असेल तर हाताची सावली पुरते.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र जुना सल्ला बराचसा खरा आहे. सूर्य पाठीशी असला की डोळ्यात चमक येते, पिसांचा रंग नीट उतरतो. छायाकृती, म्हणजे पक्ष्याची नुसती काळी आकृती, हवी असेल तर गोष्ट वेगळी.