विभागीय आशयव्यवस्था व संपादनाधिकार (संकेतस्थळांवरील)

एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावरील मजकूर विभागवार लावणे आणि तो लिहिण्याचा, बदलण्याचा, प्रसिद्ध करण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार ठरावीक व्यक्तींकडे सोपवणे, या परस्परांवर अवलंबून असलेल्या दोन कामांची ही व्यवस्था आहे. पहिले काम वर्गीकरणाचे, दुसरे अधिकाराचे. चार माणसांच्या कचेरीला तिची गरज भासत नाही. विद्यापीठ, महानगरपालिका, मंत्रालयीन विभाग किंवा मोठे रुग्णालय यांचे तिच्यावाचून चालत नाही.

मुंबईपुरते बोलायचे तर ‘विभाग’ हा शब्दच आधी उकलावा लागतो. मंत्रालयात विभाग म्हणजे वित्त, नगरविकास, सामान्य प्रशासन यांसारखा शासनाचा घटक. विद्यापीठात तो अध्यापनाच्या विषयाचा. बृहन्मुंबई महानगरपालिकेत मात्र विभाग म्हणजे ए ते टी या अक्षरांनी ओळखला जाणारा शहराचा भाग, आणि जल अभियंता किंवा घनकचरा व्यवस्थापन यांना तेथे ‘खाते’ म्हणतात. (लॉगिनलाही खातेच म्हणत असल्यामुळे ‘खात्याचे खाते कोणाकडे आहे’ हे वाक्य मराठीत अगदी सरळ ठरते.) हा भेद नुसता शब्दांचा नाही. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी वरळी, प्रभादेवी व दादर येथे एक दिवस पाणी येणार नाही, अशी सूचना घेतली तर विषयाने ती जल अभियंता खात्याची आणि स्थळाने जी दक्षिण व जी उत्तर या दोन विभागांची ठरते. तिन्ही पानांवर ती स्वतंत्रपणे टंकलिखित केली, की दुरुस्तीची वेळ पुढे गेल्यावर एक प्रत सुधारली जाते आणि दोन तशाच राहतात. म्हणून सूचना एकदाच नोंदवावी, तिची मालकी एकाच घटकाकडे असावी, आणि स्थळ ही केवळ खूण मानून इतर पानांवर ती आपोआप दिसावी, ही रीत अधिक टिकाऊ आहे. शासन निर्णयांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने अशीच खूण क्रमांकातच गुंफलेली आढळते: प्रत्येक निर्णयाच्या अठरा अंकी संकेतांकाची सुरुवात दिनांकाने होते व शेवटचे दोन अंक विभाग दर्शवतात, त्यामुळे कागद कोठेही सापडला तरी तो कोणत्या विभागाचा हे कळते.

संस्थेची रचना तशीच्या तशी संकेतस्थळावर उतरण्याची प्रवृत्ती जुनी आहे. संस्था जी प्रणाली घडवते तिच्यात त्या संस्थेच्या अंतर्गत दळणवळणाचाच आराखडा उमटतो, असे निरीक्षण मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडले होते. त्या वेळी त्यांच्यासमोर संकेतस्थळे अर्थातच नव्हती.

अधिकारांच्या बाजूचा उगम वादग्रस्त आहे. भूमिकाधारित प्रवेशनियंत्रणाचा (अधिकार व्यक्तीला थेट न देता तिच्या भूमिकेला देण्याच्या पद्धतीचा) आरंभ सामान्यतः १९९२ पासून मानला जातो. त्या वर्षी डेव्हिड फेराइओलो व रिचर्ड कुह्न यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतून या कल्पनेची आकारिक मांडणी केली. रवी संधू व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिची प्रतिमाने सविस्तर दिली, आणि २००४ मध्ये ती अमेरिकी मानक झाली. दुसऱ्या मतानुसार हे केवळ नव्याने नाव देणे होते. १९६०च्या दशकात आखलेल्या मल्टिक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीत प्रत्येक फाइलला परवानगीयादी होती आणि त्या यादीत व्यक्तीबरोबर तिचा प्रकल्पही नोंदवला जाई. युनिक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीतील मालक, गट व इतर हे त्रिविध विभाजनही १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धातले. बटलर लॅम्पसन यांचा प्रवेश-सारणीचा (कोणाला कशावर कोणता अधिकार हे तक्त्यात मांडण्याचा) सिद्धांत १९७१चा, तर कामापुरताच अधिकार द्यावा हे तत्त्व सॉल्टझर व श्रोडर यांच्या १९७५च्या लेखामुळे रूढ झाले. दोन्ही मतांत संधू यांनी केलेला भेद उपयोगी पडतो: गट हा केवळ माणसांचा समूह असतो, भूमिका मात्र एका बाजूने माणसांना आणि दुसऱ्या बाजूने अधिकारांना बांधलेली असते. या दृष्टीने पाहिल्यास प्रस्तुत व्यवस्थेतील ‘काय करता येईल’ हा भाग १९९२ नंतरच्या विचाराचा आणि ‘कोठे करता येईल’ हा भाग त्याआधीच्या गटपद्धतीचा वारस म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. विभागीय संकेतस्थळांवरील बहुतेक गोंधळ या दोन प्रश्नांना एकच उत्तर दिल्यामुळे होतो.

संकेतस्थळे चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत हे स्पष्ट दिसते. डिसेंबर २००५ मधील २.० आवृत्तीपूर्वी तेथे ० ते १० अशा पातळ्या होत्या. त्यांच्या जागी प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता व सदस्य या भूमिका आल्या. या भूमिका संपूर्ण संकेतस्थळाला लागू होतात, त्यांत विभागाची सीमा नाही. एखाद्या महाविद्यालयाने रसायनशास्त्र विभागाच्या लिपिकाला सावधपणे योगदानकर्ता केले, तर तो मसुदा लिहून मंजुरीसाठी पाठवू शकतो, पण फाइल चढवू शकत नाही. आणि महाविद्यालयाची सूचना म्हणजे बहुधा सही-शिक्क्याची पीडीएफच असते. म्हणून त्याला लेखक केले जाते. आता पीडीएफ चढते, पण मंजुरीचा टप्पा गळतो आणि लेखकाचा अधिकार ‘पोस्ट’पुरता (दिनांकवार नोंदींपुरता) आणि विभागाचे पान मात्र ‘पेज’ (स्थायी पान) असल्यामुळे ते अजूनही संपादनासाठी उघडत नाही. शेवटी त्याला संपादक केले जाते, आणि त्या दिवसापासून प्राचार्यांच्या मनोगतापासून वसतिगृहाच्या शुल्कापर्यंत सर्व पाने त्याला बदलता येतात. दोष लिपिकाचा नव्हे. यावर उपाय म्हणजे विभागाची सीमा ओळखणारे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) किंवा २०१० मधील ३.० आवृत्तीपासून मूळ प्रणालीत आलेली बहुस्थळ सोय, जिच्यात प्रत्येक विभागाला स्वतंत्र उपस्थळ मिळते व थीम आणि प्लगइन बसवण्याचा अधिकार महाप्रशासकाकडे राहतो. मात्र बहुस्थळात शोध व सामायिक सूचना उपस्थळांत विखुरतात. जूमला या तशाच दुसऱ्या प्रणालीने २०११ च्या १.६ आवृत्तीत प्रवर्गवार परवाने आणले. तेथे वरच्या प्रवर्गात दिलेला नकार खालच्या प्रवर्गात परवानगी देऊन उठवता येत नाही, हे ठाऊक नसलेला प्रशासक तासन्‌तास चूक शोधत बसतो. प्लोनमध्ये भूमिका थेट फोल्डरवर देता येते, म्हणजे एकच व्यक्ती एका फोल्डरची संपादक व दुसऱ्याची केवळ वाचक असू शकते. संकल्पनेच्या शुद्धतेचा विचार केल्यास ही रचना सर्वांत नेटकी आहे. प्रसार मात्र वर्डप्रेसचाच अधिक आहे. द्रुपलमध्ये याच कामासाठी गट व कार्यप्रवाह यांची स्वतंत्र मोड्यूले वापरली जातात.

भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये निघाली व तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. मजकूर देणारा, तपासणारा व मंजूर करणारा यांची धोरणात नोंद असावी, आणि पुनरावलोकन व अभिलेखन यांचीही धोरणे असावीत, अशी त्यांची अपेक्षा आहे. कार्यासनाकडून कक्ष अधिकारी, अवर सचिव व उपसचिव असा नस्तीचा प्रवास जाणणाऱ्यास या साखळीत नवे काही वाटणार नाही. फरक इतकाच की नस्तीवर टिपणी राहते, तर आवृत्ती-इतिहास (कोणी केव्हा काय बदलले याची नोंद) बंद ठेवलेल्या संकेतस्थळावर काहीच राहत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) खालील सतरा बाबी दरवर्षी अद्ययावत करावयाच्या असल्याने त्यांच्या पानांना तरी नेमका मालक असणे अपरिहार्य ठरते.

द्विभाषिक स्थळांवर मराठी व इंग्रजी पानांचे अधिकार वेगळे द्यावेत की एकत्र, याविषयी एकवाक्यता नाही. वेगळे दिल्यास इंग्रजी पान सकाळी बदलते आणि मराठी पान अनुवादकाच्या सवडीने. दोन्ही पाने मंजुरीच्या एकाच टप्प्यात बांधणे श्रेयस्कर दिसते.

लॉगिन व्यक्तीच्या नावे असावे की पदनामाने, हाही प्रश्न मुंबईत विशेष जाचतो. राज्याच्या बदल्यांविषयीच्या २००५च्या अधिनियमानुसार एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाल ३ वर्षांचा असून बदल्या सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात. पदनामाचे लॉगिन बदलीनंतरही चालू राहते, पण एकच पासवर्ड चौघांना ठाऊक झाला, की सूचना कोणी काढून टाकली हे सांगता येत नाही. व्यक्तीच्या नावे लॉगिन देऊन भूमिका पदाला जोडली, तर कार्यमुक्तीच्या दिवशी भूमिका काढून घेता येते व केलेल्या बदलांवरचे नाव कायम राहते. त्यासाठी कार्यमुक्ती आदेशाची एक प्रत संकेतस्थळ पाहणाऱ्या कक्षाकडेही जावी लागते.