मुंग्यांच्या घरात जेवण पचवतात ती पोरं

2025 च्या एप्रिलमध्ये केनियात 2 बेल्जियन पोरांना पकडल्याची बातमी आली होती, सामानात काय तर जवळजवळ 5,000 राणी मुंग्या, कापसाचे बोळे लावलेल्या नळ्यांत भरून! लोक हसले, पण मुंग्या पाळायचा छंद तिकडे जोरात आहे आणि अशा राण्यांना भाव मिळतो. आपल्याला गोव्यात बाहेरच्या मुंग्या मागवायची काही गरज नाही, मागवूही नयेत, सुटल्या तर इथल्यांच्या जिवावर उठतील. पहिले एकदोन पाऊस झाले की संध्याकाळी बाल्कांवातल्या दिव्याखाली पंखवाल्या राण्या येऊन पडतात. त्यातली पंख गाळून फिरणारी एखादी उचलायची. टेस्ट ट्यूबच्या तळाला पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाला दुसरा बोळा, आणि काळोखात ठेवून द्यायचं. बऱ्याच जातींत राणीला तेव्हा खायला लागतच नाही, उडायचे स्नायू आता कामाचे नसतात, तेच विरघळवून ती पहिली पिल्लं वाढवते.

खरी गंमत कामकरी जन्मल्यावर. मुंगी मेलेला डास ओढून नेते म्हणजे तीच खाणार असं आपण धरून चालतो ना? तिला तो गिळताच येत नाही. कंबर इतकी बारीक की अन्ननलिका म्हणजे जेमतेम धागा, त्यात तोंडात एक गाळणी, घन कण तिथेच अडकतात आणि त्यांची गोळी करून ती थुंकून टाकते. आत जातो फक्त रस, तोसुद्धा आधी साठवणीच्या पिशवीत, पुढे झडप, झडपेपलीकडे तिचं स्वतःचं पोट. पिशवीतलं सगळ्यांचं, तोंडाला तोंड लावून वाटायचं.

मग डास पचवतं कोण? अळ्या, म्हणजे मुंग्यांची पिल्लं! फायडोली नावाच्या मोठ्या डोक्याच्या मुंग्या (साध्या कामकरी जेमतेम 2 मिलिमीटर) मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून बघा. कामकरी डासाचा तुकडा नेऊन मोठ्या अळीच्या पोटावर ठेवते, अळी मान वाकवून त्यावर लाळ सोडते, लाळेतली एन्झाइम्स प्रोटीन तोडतात, तुकडा ओला चकचकीत होतो आणि बाकीच्या येऊन तो रस पितात, पुढे वाटतात. म्हणजे वारुळाचं पोट पाळण्यात. म्हणूनच अळ्या नसल्या की मुंग्या बऱ्याचदा किड्याकडे फारसं बघत नाहीत, साखरपाण्यावर भागवतात, आणि नवशिक्यांना वाटतं आजारी पडल्या.

काळ्या मुंग्या आल्या की लक्ष्मी, तांबड्या आल्या की कर्ज, हे वास्तुवाल्यांचं गणित मुंग्यांना कोणी शिकवलेलं नाही. ओट्यावरची रांग गुळाकडे चाललीय की कापलेल्या बांगड्याकडे ते बघा, आत अळ्या किती असतील याचा थोडाफार अंदाज येईल.

खायला रॅकेटने मारलेलाच डास द्या, स्प्रेने मेलेला नको, विष आतपर्यंत वाटलं जातं. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढा, आपल्या पावसाळ्यात बुरशीला एक रात्र पुरते.