लोणारचं गुलाबी पाणी आणि एका नावाचा गुंता : पार्श्वभूमी

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा राज्यभर चर्चेला ऊत आला. टाळेबंदीचे दिवस होते, माणसं घरात होती आणि फोटो हातोहात फिरत होते. कुणी शेवाळ म्हटलं, कुणी जिवाणू, कुणी प्रदूषण, तर कुणी दैवी संकेत. सरोवराच्या संवर्धनाचा विषय आधीपासून न्यायालयात होता, तिथेही रंगाची चौकशी झाली. पाण्याचे नमुने नागपूर आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत गेले. पहिला संशय ड्युनॅलिएला या लालसर शेवाळावर होता, पण तपासणीअंती उत्तर आलं ते हॅलोआर्किया असं, म्हणजे भरपूर मिठात राहणाऱ्या आर्किया. आर्किया हा जिवाणूंसारखा दिसणारा, पण त्यांच्याहून मुळातच वेगळा सूक्ष्मजीवांचा गट. पाऊस कमी, ऊन कडक, पाणी आटलेलं, त्यामुळे मिठाचं प्रमाण वाढलेलं, आणि त्यात या सूक्ष्मजीवांची गर्दी झालेली. नमुना न हलवता ठेवला की रंगीत गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी नितळ व्हायचं. म्हणजे पाण्यात रंग विरघळलेला नव्हता, जीव तरंगत होते.

बातम्यांत मात्र हे उत्तर पोहोचेपर्यंत 'हॅलोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू' असं झालं. चूक बातमीदारांची म्हणता येत नाही. या जीवांचं शास्त्रीय नावच तसं आहे. ते जिवाणू नाहीत हे चाळीसहून अधिक वर्षं माहीत असूनही नावातला 'बॅक्टेरिया' निघालेला नाही. तो तिथे कसा आला आणि का राहिला, हे समजून घेतल्याशिवाय लोणारचं गुलाबी पाणी नीट समजत नाही, असं माझं मत आहे.

आधी आपल्या घरचा गुंता. मराठीत या जीवांना सर्रास 'क्षारप्रेमी' म्हटलं जातं. आपल्या शालेय पुस्तकांत आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून बनतो तो क्षार, म्हणजे मीठ या वर्गातला पदार्थ. हिंदी पुस्तकांत मात्र त्यासाठी 'लवण' हा शब्द आहे आणि 'क्षार' म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. आयुर्वेदातला क्षारही राखेतून काढलेला, जाळणारा, याच दुसऱ्या अर्थाचा. स्वयंपाकघरातला पापडखार तिकडचाच. म्हणजे एकच शब्द मिठासाठीही आणि त्याहून वेगळ्या गुणासाठीही. इतरत्र हे खपून जातं, लोणारला खपत नाही. तिथलं पाणी खारट आहे आणि त्याचा सामू १०च्या वर जातो, म्हणजे ते आम्लाच्या पार उलट गुणाचं आहे. तिथे राहणाऱ्या जीवाला मीठही सोसावं लागतं आणि तो झोंबरा खारही. 'क्षारप्रेमी' म्हटलं की यांतलं नेमकं काय सोसतो ते कळत नाही. समुद्राच्या पाण्याच्या मिठागरात राहणारा जीव आणि लोणारसारख्या सोडा सरोवरात राहणारा जीव एकाच कुळातले असले तरी त्यांची अडचण वेगळी. केनियातलं मगाडी सरोवर आणि इजिप्तमधलं वादी नत्रून इथले खारप्रेमी आर्किया १९८०च्या दशकात स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदले गेले ते यामुळेच. म्हणून मी 'मीठप्रेमी' म्हणतो. शब्द साधा आहे, पण दुसऱ्या अर्थाकडे घसरत नाही.

आता मागचं. मिठागरात मीठ धरायच्या वेळी पाण्याला तांबूस झाक येते, हे मीठ पिकवणाऱ्यांना शास्त्रज्ञांच्या फार आधी ठाऊक होतं. १८३३ मध्ये पॅटॅगोनियातल्या एका मिठाच्या सरोवरापाशी थांबलेला तरुण इंग्रज निसर्गअभ्यासक, जो पुढे उत्क्रांतीच्या सिद्धांतासाठी जगाला माहीत झाला, तिथला काळा चिखल, त्यातले किडे आणि ते टिपणारे रोहित पक्षी पाहून थक्क झाला होता. इतक्या खाऱ्या जागी जगणं शक्य आहे, हेच त्याला मोठं वाटलं. पाच वर्षांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिठागरांतल्या लाल रंगामागे एक शेवाळ असल्याचं दाखवलं गेलं. तेच हे ड्युनॅलिएला. लोणारला पहिला संशय शेवाळावर गेला, त्यामागे ही जुनी नोंद आहे.

पण मीठप्रेमी जीवांच्या अभ्यासाला खरा जोर आला तो नुकसानीमुळे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर खारवलेला कॉड मासा उन्हाळ्यात लाल पडायचा आणि व्यापाऱ्यांचं दिवाळं निघायची वेळ यायची. १८७०च्या दशकाच्या शेवटी सरकारी चौकशी झाली आणि दोष माशात नसून मिठात असल्याचं निघालं. समुद्राचं पाणी उन्हात आटवून केलेल्या मिठाबरोबरच ते जीव गोदामात येत होते. मीठ घालून मासा टिकतो हा हजारो वर्षांचा अनुभव, आणि इथे मीठच नासवणाऱ्याला घेऊन येत होतं. कोकणात खाऱ्या बांगड्यावर दमट हवेत गुलाबी चिकट डाग पडले की माल गेला म्हणतात, ती याच जातीची तक्रार. चामड्याच्या धंद्यातही तेच होतं. मीठ चोळून रचलेल्या कातड्यांवर लाल चट्टे उठायचे.

या नुकसानीच्या मागे लागलेल्या लोकांनी या जीवांना नावं दिली, आणि गुंता इथे सुरू झाला. जर्मनीत १९१९ मध्ये एकाने माशावरच्या जीवाला 'बॅसिलस' या जिवाणूंच्या घराण्यात घातलं. कॅनडात १९२२ मध्ये तो 'स्यूडोमोनास' झाला, कातड्यावरचा भाऊबंद १९३४ मध्ये 'सेरेशिया'. नेदरलँड्समध्ये १९३१ साली तो 'बॅक्टेरियम हॅलोबियम' होता. दिसायला काडीसारखा, केंद्रक नाही, लाल रंग: त्या काळी एवढ्यावर जिवाणू ठरवायला कुणाचीच हरकत नव्हती. १९३६ मध्ये मृत समुद्रातही जीव आहेत असं एका छोट्या टिपणातून जाहीर झालं, तेव्हा त्या समुद्राचं नावच खोटं पडलं. शेवटी १९५७च्या वर्गीकरणाच्या ग्रंथात या सगळ्यांना एकत्र करून 'हॅलोबॅक्टेरियम' हे घराणं पक्कं झालं.

नाव पक्कं झालं तेव्हाच काही गोष्टी बसत नव्हत्या. प्रयोगशाळेत यांच्याशी पहिली गाठ पडली की जो अनुभव येतो तो विसरता येत नाही. काचपट्टीवर खारं पाणी आणि त्यात सळसळणाऱ्या लांबट काड्या. कडेने साध्या पाण्याचा थेंब सोडायचा. काड्या आखडतात, फुगतात, गोल होतात आणि दिसेनाशा होतात. काही सेकंदांत दृश्य रिकामं. जिवाणू ओळखायची नेहमीची रंगपद्धत इथे चालत नाही, कारण काचपट्टी नळाखाली धुतली की तिच्यावर काही उरतच नाही. १९५०च्या दशकात ॲसिटिक आम्लात पेशी आधी पक्क्या करायची युक्ती निघाली, तेव्हा कुठे त्यांना रंगवता आलं.

कारण असं की बाहेरच्या मिठाला तोंड द्यायला हा जीव मीठ आतच घेतो. सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम क्लोराइड इतकं साठवतो की दुसऱ्या कुठल्याही पेशीतली प्रथिनं त्यात गोळा होऊन पडतील. याची प्रथिनं मात्र बाहेरून ऋणभारित अमिनो आम्लांनी मढलेली असतात आणि त्या मिठातच त्यांची घडी नीट राहते. मीठ काढलं की प्रथिनं उलगडतात, पेशीचं कवच सुटतं. म्हणजे मीठ हा जीव सोसत नाही, त्याला ते लागतं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं, तेवढं याला पुरत नाही. तो त्यात फुटतो.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत या जीवाच्या पडद्यातली चरबी तपासली गेली. जिवाणूंपासून माणसापर्यंत सगळ्यांच्या पडद्यात ग्लिसरॉल आणि स्निग्धाम्लं एस्टर बंधाने जोडलेली असतात. इथे ईथर बंध होता, आणि स्निग्धाम्लांच्या जागी फांद्या फुटलेल्या साखळ्या. हा शोध खरं तर घंटा वाजवणारा होता. पण तो खाऱ्या पाण्यात राहण्यासाठी केलेला एक जुगाड मानला गेला. पुढे गरम आम्लात राहणाऱ्या काही सूक्ष्मजीवांतही तशीच चरबी सापडली, तरी खडतर जागा आहे, म्हणून सारखेपणा आला, असंच स्पष्टीकरण दिलं गेलं. पुरावा हातात होता, पण तो ठेवायला कप्पा नव्हता.

याच काळात कॅलिफोर्नियात एक वेगळं नाटक घडलं. पेशी साध्या पाण्यात फोडल्या, पडदे वेगळे केले, तर लाल भागाखेरीज एक गर्द जांभळा तुकडा हाती लागला. त्यात सेंद्रिय द्रावक घातला की जांभळा रंग जाऊन पिवळा यायचा. या बदलाचा माग काढताना आत रेटिनल सापडलं, म्हणजे आपल्या डोळ्याच्या पडद्यात असतं तेच. १९७१ मध्ये या प्रथिनाला नाव मिळालं 'बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन'. पुन्हा बॅक्टेरिया! हे प्रथिन प्रकाश पडला की प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि त्यातून पेशीला ऊर्जा मिळते, हरितद्रव्याशिवाय. १९७४ मध्ये हेच प्रथिन आणि गाईच्या हृदयातून काढलेलं, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवणारं प्रथिन एकाच कृत्रिम पिशवीत बसवलं गेलं आणि प्रकाशात एटीपी तयार झालं. पेशी ऊर्जा कशी साठवते यावरचा मोठा वाद मिटायला त्या प्रयोगाने हातभार लावला. मिठातल्या एका लाल डागाने जीवशास्त्राला केवढं दिलं, हे पाहिलं की मला अजूनही भरून येतं.

१९७७ मध्ये इलिनॉयमधल्या एका छोट्या गटाने रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, आरएनएची तुलना करून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव जिवाणूंपासून मुळातच वेगळे असल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी मीठप्रेमींचा आरएनए पाहिला गेला. अतिमीठप्रेमी खरोखर जिवाणू आहेत का, असा प्रश्नच त्यांनी जाहीरपणे विचारला आणि उत्तर नकारार्थी आलं. ईथर बंधाच्या चरबीला आता कप्पा मिळाला. पण त्या कप्प्याचं नाव ठेवलं गेलं 'आर्किबॅक्टेरिया'. जिवाणू नाहीत म्हणायचं आणि नावात बॅक्टेरिया ठेवायचा. विरोधक त्याच नावाकडे बोट दाखवून म्हणत, शेवटी हे जिवाणूच ना. १९९० मध्ये मांडणाऱ्यांनीच 'बॅक्टेरिया' छाटून 'आर्किया' केलं. माझ्या मते तो निर्णय योग्य होता, आणि तो तेरा वर्षं उशिरा झाला.

पण मीठप्रेमींच्या घराण्याचं नाव तसंच राहिलं. नामकरणाचा नियम असा की रीतसर दिलेलं जुनं नाव अर्थ चुकला म्हणून बदलत नाही. हे एका घराण्यापुरतं असतं तर चाललं असतं. १९९६ मध्ये एका जातीचं स्पेलिंग व्याकरणाने चुकलं म्हणून सुधारलं गेलं, 'सॅलिनॅरियम'चं 'सॅलिनॅरम' झालं आणि कातड्यावरचे, माशावरचे जुने भाऊबंद त्याच एका नावाखाली आले. म्हणजे व्याकरणासाठी नाव बदलता येतं. तरी २००१च्या ग्रंथात त्या साऱ्या समूहाला वर्गाचं नाव द्यायची वेळ आली तेव्हा 'हॅलोबॅक्टेरिया' हेच दिलं गेलं. आर्किया हे नाव रुळून दहा वर्षं झाली होती. पुढे 'हॅलोआर्किया' असं रीतसर नाव करावं अशी सूचना आली, ती नियमांपुढे टिकली नाही. नियमवाल्यांची बाजू मला कळते. अर्थ पाहून नावं बदलत बसलो तर जुन्या नोंदी शोधता येणार नाहीत. पण ज्याला हा इतिहास माहीत नाही, त्याला 'हॅलोबॅक्टेरिया' हा शब्द खोटं सांगतो, आणि लोणारच्या वेळी तेच झालं. मराठीत 'आदिजिवाणू'सारखा शब्द केला तर आपण तीच चूक आपल्या हाताने पुन्हा करू.

त्यात २००२ मध्ये आणखी एक पीळ पडला. स्पेनच्या मिठागरांतून 'सॅलिनिबॅक्टर रुबर' सापडला. तो लाल, अतिमीठप्रेमी, आर्कियासारखंच मीठ आत साठवणारा, आणि अस्सल जिवाणू. म्हणजे लाल रंग दिसला, मीठ भरपूर आहे, एवढ्यावर आर्किया ठरवणंही चूक. १९८० मध्ये सिनाईच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या डबक्यात सापडलेला, टपाल तिकिटासारखा चपटा चौकोनी जीव मात्र आर्कियाच निघाला. तो प्रयोगशाळेत वाढवायला २००४ साल उजाडलं, तेही एकाच वेळी दोन गटांना जमलं.

गोव्याच्या मिठागरांतूनही हॅलोआर्किया वेगळ्या केल्या गेल्या आहेत. मुंबई-रायगडपासून शिरोड्यापर्यंतची मिठागरं याच पद्धतीची: भरतीचं पाणी खाजणातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचं. शेवटच्या वाफ्यात मीठ खडे धरू लागतं तिथे या जीवांचं राज्य. त्यांचा लाल रंग ऊन शोषून पाणी तापवतो, म्हणून आटणं वेगाने होतं असं मानतात. मीठ खड्यात धरतं तेव्हा खड्याच्या आत खाऱ्या पाण्याचे इवलेसे थेंब अडकतात आणि त्यांत हे जीवही. अशा खड्यांत ते किती काळ जिवंत राहतात यावर मोठा वाद आहे. लाखो वर्षं म्हणणारे आहेत, बाहेरून शिरले म्हणणारेही आहेत.

मृत समुद्र १९८० आणि १९९२ मध्ये लाल झाला, तो मात्र आटल्याने नव्हे. जोरदार पावसाळी हिवाळ्यानंतर वरचा थर पातळ झाला तेव्हा शेवाळ वाढलं आणि त्यावर आर्किया पोसल्या. लोणारला उलट घडलं. पाणी आटलं आणि रंग चढला. त्या वर्षी पाऊस सुरू झाला, मीठ पातळ होत गेलं आणि काही आठवड्यांत गुलाबी रंग उतरला. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं, तोपर्यंत पाणी पुन्हा पूर्वीसारखं हिरवट झालं होतं.